राखेच्या पाण्यातले पीक

हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल. त्यावरूनच एक प्रयोग करून पाहा. टीपकागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. चुलीतली लाकडाची थंड राख पेलाभर पाण्यात ढवळा, रात्रभर निवळू द्या आणि वरच्या स्वच्छ पाण्यात ती पट्टी बुडवा. (हे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका.) पट्टी तांबूस होईल. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात उतरले व पाणी अल्कधर्मी झाले, असा याचा अर्थ.

अशा पाण्यात फार थोडे जीव तग धरतात. स्पायरुलिना नावाचे नीलहरित शैवल मात्र अल्कधर्मी पाण्यातच जोमाने वाढते. आफ्रिकेतील चाड सरोवराच्या परिसरात कानेम्बू लोक ते वाळवून पिढ्यान् पिढ्या खात आले आहेत. त्याच्या कोरड्या वजनात ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत साधारण २२.

मग ते घरोघर का पिकत नाही? अडचण खुराकाची आहे. झारूक या संशोधकाने १९६६ मध्ये सुचवलेल्या प्रसिद्ध द्रावणात लिटरमागे १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा व २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट घालतात. हजार लिटरच्या टाकीचा हिशेब तुम्हीच मांडा!

म्हणून शेतीतील टाकाऊ पदार्थांकडे लक्ष जाते. राख पालाश देते, थोडे स्फुरद देते आणि पाणी अल्कधर्मीही करते. पण नत्र? तो लाकूड जळतानाच वायुरूपाने उडून गेलेला असतो.

नत्र मिळतो गोबरगॅसच्या स्लरीतून, बराचसा अमोनियम क्षारांच्या रूपात. येथे खरा पेच आहे. अल्कधर्मी पाण्यात या क्षारांतून अमोनिया मुक्त होतो आणि तो जास्त झाला तर शैवलच मरते. म्हणजे ज्या पाण्यात पीक वाढते, तेच पाणी खताचे विष करते! त्यामुळे स्लरी गाळून, थोडी थोडी, रोजच्या वाढीपुरतीच द्यावी लागते. गाळायची अशासाठी, की गढूळ पाण्यात उजेड शिरत नाही. साखर कारखान्याच्या मळीवरही हे शैवल वाढवून पाहिले आहे. पण मळीतल्या साखरेवर जिवाणूही तुटून पडतात.

आणि शेणातले रोगजंतू? स्लरीवरचे शैवल कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यासाठी ठीक. माणसांच्या ताटासाठी नत्र स्वच्छ खतातूनच द्यावा. राखही रंग दिलेल्या लाकडाची नको. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि हे शैवल पाण्यातले धातू शोषून घेते.