वेदीपाशी येण्याआधी : इस्राएलाचे सण, अर्पणे आणि आपण

लेवीय हे पुस्तक वाचायला घेतलं की बरेच जण मध्येच थांबतात. बैल, मेंढा, होला, पीठ, चरबी, रक्त... "याचा आज आपल्याशी काय संबंध?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न योग्य आहे. या पाठात त्याचंच उत्तर शोधूया.

१) अर्पणे कोणती?

लेवीय अध्याय १ ते ७ मध्ये पाच मुख्य अर्पणे आहेत. होमार्पणात पशूचं मांस संपूर्ण जाळलं जाई. अन्नार्पणात सपीठ, तेल आणि धूप असे. शांत्यर्पणाचा एक भाग अर्पण करणारा आपल्या माणसांबरोबर खात असे. नकळत झालेल्या पापांसाठी पापार्पण, आणि पाचवं दोषार्पण.

गरिबाची सोयही इथे आहे. काही पापांसाठी मेंढी किंवा बकरी आणायची. ती परवडत नसेल तर दोन होले. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ. म्हणजे ऐपत नाही म्हणून कोणी क्षमेपासून दूर राहू नये.

२) आधी परत करा

आता दोषार्पण नीट बघूया. कोणी शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं किंवा सापडलेली वस्तू नाकारली, तर काय करायचं? (लेवीय ६:१-७) नुसता मेंढा आणून भागत नाही. घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. १०० घेतले असतील तर १२० परत. अर्पण त्याच्याबरोबर, त्याच्याऐवजी नाही!

एकदा वर्गात एकीने विचारलं, "सर, ज्याचं देणं आहे तो माणूसच राहिला नसेल तर?" गणना ५:८ मध्ये याचं उत्तर आहे. घ्यायला जवळचा नातलगही नसेल, तर ती भरपाई परमेश्वराची. ती याजकाकडे द्यायची. माणूस गेला म्हणून देणं संपत नाही.

३) सणांतही तेच

लेवीय २३ मध्ये सणांची यादी आहे : शब्बाथ, वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, प्रथमपिकाची पेंढी, सप्ताहांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मंडपांचा सण. या यादीच्या मध्येच २२ वं वचन येतं. कापणी करताना शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका. ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. सणांच्या यादीत शेताचा नियम कशाला? कारण उपाशी शेजाऱ्याला वगळून केलेला सण देवाला नको आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली ती याच रीतीमुळे.

प्रायश्चित्ताच्या दिवशी सर्व लोकांसाठी अर्पण होई. पण यहुदी धर्मगुरूंची मिश्ना स्पष्ट सांगते की माणसाविरुद्ध केलेल्या अपराधाचं प्रायश्चित्त, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय, या दिवसानेही होत नाही.

४) मग आज काय?

इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमातलं मंदिर उद्ध्वस्त केलं आणि अर्पणे थांबली. यहुदी लोक आजही प्रायश्चित्ताचा दिवस उपास, प्रार्थना आणि पश्चात्तापाने पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएलही तो पिढ्यान्‌पिढ्या पाळत आले.

ख्रिस्ती विश्वासणारे इब्रीकरांस पत्राप्रमाणे मानतात की ख्रिस्ताने एकदाच, सर्वांसाठी स्वतःचं अर्पण केलं. म्हणून आपण मेंढा आणत नाही. पण मेंढा गेला म्हणजे १२० रुपयेही गेले का? नाही. येशूनेच सांगितलं की वेदीपाशी भावाची तक्रार आठवली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा (मत्तय ५:२३-२४). जक्कयाने तर फसवून घेतलेलं चौपट परत करायचं ठरवलं.

क्षमा देवाकडून फुकट मिळते. पण उसने घेतलेले पैसे, दाबून ठेवलेली जमीन, चारचौघांत केलेली बदनामी हे सगळं आपल्यालाच फेडायचं आहे. प्रार्थनेला बसल्यावर एखादं नाव वारंवार आठवत असेल, तर आधी त्या घरी जाऊन या.

विचार करा :
१. तुम्ही कोणाचं काही परत करायचं राहिलं आहे का?
२. त्यावर "पाचवा हिस्सा" म्हणून तुम्ही काय द्याल?
३. तुमच्या पुढच्या सणात गरिबासाठी कोणता "कोपरा" राखाल?