दूरचित्रवाणी वृत्तांतील लोपलेला कर्ता : कांद्याच्या बातम्यांच्या संदर्भात

दूरचित्रवाणीची बातमी मुख्यतः दृश्याची असते, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि दृश्याला अर्थ देण्याचे कार्य निवेदकाचे वाक्य आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी शब्दपट्टी करीत असते. २००७ पासून चोवीस तास बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्या सुरू झाल्या आणि मोजक्या शब्दांतील ठळक वाक्यांचे महत्त्व वाढले. या वाक्यांच्या रचनेतून सार्वजनिक प्रश्नाचे आकलन कसे घडते, हे कांद्याच्या बातम्यांवरून स्पष्ट होते.

भाव चढले की 'कांद्याने रडविले' या धर्तीचे वाक्य येते. 'रडविणे' हे प्रयोजक क्रियापद असून येथे रडविणारा कर्ता कांदाच ठरतो. डोळ्यांत पाणी आणणारा कांदा हा घरोघरचा अनुभव असल्यामुळे श्लेष सहज रुचतो. मात्र साठवणूक, व्यापार व शासकीय धोरण हे घटक दृष्टीआड होतात. भाव उतरले की 'कांदा गडगडला' असे अकर्मक क्रियापद योजले जाते. गडगडणाऱ्याला कोणी ढकलले, हा प्रश्न त्या वाक्यात उद्भवतच नाही.

देशांतर्गत भाव आटोक्यात ठेवण्यासाठी केंद्र शासनाने ७ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचना काढून कांद्याची निर्यात बंद केली. ही बंदी मे २०२४ मध्ये उठविण्यात आली. 'शासनाने निर्यात थांबविली' या वाक्यात निर्णय घेणारा दिसतो व त्याला जाब विचारता येतो. 'निर्यातबंदीचा फटका' या पदबंधात क्रियेचे नाम होते, कर्ता लोपतो आणि धोरण अवकाळी पावसाच्या पंक्तीला जाऊन बसते.

'सर्वसामान्यांना दिलासा' हा प्रयोगही विचारार्ह आहे. उतरत्या भावाचा दिलासा खरेदीदाराला मिळतो. लासलगावच्या बाजार समितीत माल आणणारा उत्पादक या 'सर्वसामान्यां'त गणला जात नाही.

यामागे वाहिन्यांचा हेतू असतोच असे नाही. पट्टीची अपुरी जागा आणि वेळेची निकड ही कारणेही संभवतात. शिवाय प्रेक्षक सर्वस्वी निष्क्रिय नसतो. हाती विक्रीची पट्टी असलेल्या शेतकऱ्याला लोपलेला कर्ता ठाऊक असतो. ज्याचा या प्रश्नाशी संबंध बातमीपुरताच येतो, त्याच्या आकलनावर मात्र ही रचना अधिक प्रभाव टाकू शकते. म्हणूनच 'क्रिया कोणी केली?' हा शालेय व्याकरणातील साधा प्रश्न बातमी ऐकतानाही विचारला जाणे अगत्याचे ठरते.