शाळेच्या संगणकाची कार्यप्रणाली बदलावी काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० या कार्यप्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. विंडोज-११ ला लागणारी सुरक्षा-चिप व नवा प्रोसेसर जुन्या संगणकांत बहुधा नसतो. असे संगणक अडगळीत टाकावेत, धोका पत्करून चालवावेत, की लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली घालून पुन्हा मुलांच्या हाती द्यावेत, हा प्रश्न किल्लारी परिसरातील शिक्षकांनीही विचारात घेण्याजोगा आहे.

मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ रचना सर्वांस पाहता, बदलता व वाटता येते अशी प्रणाली. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या देशात सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली सिद्ध केली असून तीत मराठीची सोय आहे. एकच प्रत शाळेतील सर्व संगणकांवर घातली तरी परवान्याचा भंग होत नाही.

तथापि, फुकट मिळते एवढ्यावरून निर्णय करू नये. केरळातील सरकारी शाळांनी ही प्रणाली स्वीकारली, तेव्हा शिक्षकांस प्रशिक्षण मिळाले व पाठ्यपुस्तकेही तदनुसार तयार झाली. म्हणून ती तेथे टिकली. उलट जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. तेथील कारणांविषयी मतभेद आहेत. परंतु प्रणाली बसविणे आणि ती अंगवळणी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे निश्चित. किल्लारीकरांस हे नवे नाही. १९९३ च्या भूकंपानंतर गाव नव्या जागी वसले. पण घरे बांधून झाली म्हणजे गाव रुळले, असे होत नाही.

शाळेपुढील खरी अडचण दप्तराची आहे. जुन्या फाँटमध्ये टंकलेले मराठी कागद तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखे दिसतात. ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात. प्रिंटर चालतो की नाही, हेही पाहावे लागते.

यास्तव पुढील क्रम हितावह होय :

१. महत्त्वाच्या सर्व कागदांची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.
२. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. तसे केल्याने संगणकातील मजकुरास हात लागत नाही.
३. मराठी टंकलेखन, प्रिंटर व शासकीय संकेतस्थळे तपासावीत.
४. शाळेतील निदान दोन शिक्षकांनी दुरुस्ती शिकून घ्यावी. एकाची बदली झाली तरी काम अडू नये.

हे जमल्यावर मुलांचे संगणक पूर्णपणे बदलावेत. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली ठेवल्यास हात सवयीच्या प्रणालीकडेच वळतो व नवी शिकणे लांबते. कार्यालयाचा संगणक मात्र दप्तर युनिकोडमध्ये येईपर्यंत बदलू नये. तोवर त्याच्या सुरक्षेची वेगळी तजवीज करावी.

बंद खोलीतील संगणक मुलांना काही शिकवीत नाही. तो सुरू राहील, हीच निर्णयाची कसोटी समजावी.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणते कागद जुन्या फाँटमध्ये आहेत?
२. संगणक बंद पडल्यास तो कोण सुरू करील?