प्रार्थना, एकांत आणि आज्ञापालन

प्रार्थनेला किती वेळ द्यावा, एकांतांत किती बसावें आणि सेवेंत किती झिजावें, असा प्रश्न पुष्कळ ख्रिस्ती जनांना पडतो. जणूं दिवसाचे तीन सारखे वांटे केले म्हणजे झालें! परंतु या तिहींचा मेळ घड्याळानें बसत नाहीं.

मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पाहा. कफर्णहूमांत प्रभु येशूनें संध्याकाळीं पुष्कळ रोगी बरे केले. पुढें पहाटेस, काळोख असतांनाच, तो उठून एकांत स्थळीं प्रार्थनेस गेला. सर्व लोक आपला शोध करीत आहेत, असें शिष्यांनीं येऊन सांगितलें. तथापि तो लोकांच्या आग्रहास वश झाला नाहीं आणि त्या रानांतही राहिला नाहीं. ज्या कामासाठीं तो आला होता, त्यासाठीं जवळच्या दुसऱ्या गांवांकडे निघाला. पित्याची आज्ञा कोणती आणि माणसांचा आग्रह कोणता, हें ओळखण्याचें बळ एकांतांत मिळतें.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंचें चरित्र हेंच शिकवितें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून सुमारें ३०० निराधार मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं शेकडों स्त्रिया प्रार्थनेस जमत. त्याच आवारांत शेत, माग व छापखानाही होता. हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून बाईंनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. तें काम एकांताचें खरें, पण साध्या बायाबापड्यांना देववचन समजावें म्हणून पत्करलेलें. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा निवर्तली, तरी त्यांनीं तें सोडलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूंत निजल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.

आपल्या शाहूवाडीच्या मुलखांत एकांत दुर्मिळ नाहीं. आंबा घाटाची दाट झाडी, पावसाळ्यांत धुक्यांत बुडालेला विशाळगड, यांच्या सान्निध्यांत मन सहज शांत होतें. परंतु आई भातलावणीच्या चिखलांत वांकून उभी असतां मुलगा प्रार्थनेचें निमित्त करून माळावर बसेल, तर त्यास चुकारपणाच म्हणावें लागेल. उलटपक्षीं, प्रार्थनेवांचून दिवसभर राबणारा लवकरच कुरकुरूं लागतो आणि इतरांचे दोष मोजीत बसतो.

यास्तव एकांतांतून उठतांना प्रत्येकानें मनास विचारावें, ‘कोणतें कर्तव्य मीं उद्यांवर ढकलीत आहें?’ आणि उठल्यावर तेंच प्रथम हातीं घ्यावें.