संयम आणि स्नेहपाकाचे शिक्षण

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात धारणा, ध्यान व समाधी यांची लक्षणे क्रमाने सांगून, एकाच विषयावर एकवटलेल्या या तिघांना ‘संयम’ ही संज्ञा दिली आहे. हा क्रम केवळ योगसाधकापुरता नाही. हाताने करावयाची विद्या याच वाटेने अंगी मुरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. स्नेहपाकाच्या आधारे ते पाहू.

चित्त एका स्थानी बांधणे ही धारणा. नवशिक्याला सिद्धिलक्षणे पाठ असतात : कल्काची बोटांनी वर्ती वळणे, ती अग्नीवर टाकली असता आवाज न होणे, तेलात फेस उठणे व तुपात तो शमणे. परंतु मन कढईवरून घड्याळाकडे, तेथून ग्रंथाकडे जाते आणि त्यास पुनःपुन्हा परत आणावे लागते. या परत आणण्यास कमी लेखू नये.

ध्यानात प्रत्ययाचा प्रवाह अखंड असतो. परंपरेने त्यासाठी दृष्टान्तही तैलधारेचाच दिला आहे. आता लक्षणे एकेक करून शोधावी लागत नाहीत. उकळीचा आवाज, गंध, पळीला लागणारा कल्क यांतील बदल सलग जाणवत राहतो. चरकमताने नस्यासाठी मृदु, पान व बस्तीसाठी मध्य आणि अभ्यंगासाठी खरपाक घ्यावा. त्यांतील अंतर थोडक्या वेळाचे असते. खरपाकापुढे गेल्यास दग्धपाक, आणि कढईभर तूप वाया! (भट्टीजवळ भ्रमणध्वनी न नेण्याचा नियम आम्हांस तापमापकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.)

समाधीत केवळ विषय भासतो, जाणणाऱ्याचे भान मावळते. मुरलेला कारागीर नेमक्या क्षणी कढई उतरवतो. कारण विचारल्यावर मग लक्षणे सांगतो. अर्थात येथे समाधी हा शब्द उपमेपुरता आहे, कैवल्याशी त्याची गल्लत नको. रत्नांची पारख केवळ शास्त्राने येत नाही, कर्मसिद्धीची दृष्टी अभ्यासाने लाभते, हे वाग्भटांनी अष्टांगहृदयात सांगितलेच आहे.

अभ्यास दृढ होण्यास पतंजलींनी दीर्घकाल, नैरंतर्य व सत्कार यांची अट घातली आहे. औषधशाळेत बहुधा नैरंतर्यच मोडते. सहायकाचा विभाग आठवड्याला बदलणे वेळापत्रकास सोयीचे असले, तरी हात घडण्यास ते मारक ठरते. त्याला एकाच कल्पाच्या सर्व पाकांस, एकाच ज्येष्ठाच्या हाताखाली उभे करावे. वर्तीपरीक्षेची नोंद त्याने प्रथम स्वतः करावी व नंतर ज्येष्ठाच्या नोंदीशी ताडून पाहावी.