काल रात्री आजीने काय खाल्ले?



पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिवस सुरू केला. दरवर्षी जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी तो पाळला जातो. त्या दिवशी आपण ज्येष्ठांसाठी प्रार्थना करतो, त्यांना फुले देतो, त्यांच्याबरोबर फोटो काढतो. हे चांगलेच आहे. आज मात्र आपण स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या: काल रात्री आपल्या घरातील आजीने किंवा आजोबांनी काय खाल्ले?

आजारी व वृद्ध माणसांच्या भेटीला जातो तेव्हा आम्ही हा प्रश्न मुद्दाम विचारतो. उत्तर बहुधा ठरलेले असते. "काय नाय गं बाय, चहा-बटर घेतला. या वयात भूक कुठे लागते?" घरातली मंडळीही मान डोलावतात. "वय झालं आता, असंच चालायचं."

असेच चालायचे का? आम्हाला ठाऊक असलेल्या एका घरातली गोष्ट सांगतो. शहात्तर वर्षांच्या आजी. नवरा गेल्यावर एकट्या राहू लागल्या. एकटीसाठी काय शिजवायचे म्हणून दोन्ही वेळा चहा, पाव, कधी पेज. वर्षभरात वजन पन्नासवरून सत्तेचाळीस किलोंवर आले. पायांना मुंग्या येत, चालताना तोल जाई, गॅस बंद करायचे विसरत. सगळ्यांनी मानले, हे म्हातारपण. शेवटी मुलीने डॉक्टरांकडे नेले. रक्ततपासणीत 'बी-१२' हे जीवनसत्त्व फारच कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली, शेजारच्या घरातून दुपारचा डबा येऊ लागला. काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, बोलण्यात उत्साह आला. सगळेच पूर्ववत झाले नाही, कारण उशीर झाला होता. पण आज त्या काठी घेऊन रविवारच्या मिस्साला येतात.

शरीराची ताकद

चाळिशीनंतर आपले स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. खुर्चीतून हात न टेकता उठणे, पायरी चढणे, तोल सावरणे ही सर्व कामे स्नायूंची. स्नायू दुबळे झाले की माणूस पडतो, हाड मोडते आणि अंथरूण धरतो. स्नायू टिकवायला दोन गोष्टी लागतात: प्रथिने आणि हालचाल.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली प्रौढ माणसासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचविली. पासष्टीच्या पुढच्या माणसांना मात्र १ ते १.२ ग्रॅम हवीत, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ साली सांगितले. म्हणजे वय वाढल्यावर भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. पन्नास किलो वजनाच्या आजीला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात.

हा हिशेब आपल्याच स्वयंपाकघरात जुळतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, एक कप दुधात साधारण ६ ग्रॅम, वाटीभर घट्ट डाळीत ६-७ ग्रॅम आणि शंभर ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. सकाळी अंडे व दूध, दुपारी डाळ आणि माशाचा तुकडा, रात्री पुन्हा वाटीभर डाळ, अंडे किंवा दही आणि जोडीला नेहमीचा भात-भाकरी. गरज बहुतेक भागली! महागडे डबे आणण्याची आवश्यकता नाही. सुकी मासळी चालते, पण तिच्यात मीठ फार असते. रक्तदाब असलेल्यांनी जपून खावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिने वाढविण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

मनाची ताकद

'बी-१२' नसांना आणि मेंदूला लागते. ते मासे, अंडी, दूध व मांस यांतून मिळते. भाजी-भाकरीतून मिळत नाही. उतारवयात पोटातले आम्ल कमी झाल्यामुळे ते नीट शोषले जात नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन ही गोळी किंवा पित्तावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत त्याची कमतरता अधिक आढळते. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत; रक्त तपासून घ्यावे. ही कमतरता भरून काढता येते. मात्र उशीर झाला तर नसांची झालेली हानी कायमची राहू शकते.

पाण्याचेही तसेच. वयाबरोबर तहान लागल्याची जाणीव मंदावते. पाणी कमी पडले की वृद्ध माणूस एकाएकी गोंधळतो, असंबद्ध बोलतो. रात्री उठावे लागेल म्हणून पुष्कळ ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. त्यांना दिवसा, थोड्या थोड्या वेळाने पाणी, ताक किंवा पेज द्यावी. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर डॉक्टरांचे ऐकावे.

आहार एकटाच सर्व काही करतो असे नाही. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांचा दोन वर्षे अभ्यास झाला. त्यातील निम्म्या लोकांना योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब वगैरेंची नियमित तपासणी असे सर्व एकत्र देण्यात आले. केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांची बौद्धिक क्षमता अधिक सुधारली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू या. भूक मरणे हे उदासीनतेचेही लक्षण असू शकते. जोडीदार गेल्यावर, मुले परदेशी किंवा दूरच्या इमारतीत राहायला गेल्यावर ताटापुढे बसावेसेच वाटत नाही. कधी कवळी नीट बसत नाही आणि सांगायला संकोच वाटतो. कारण शोधल्याशिवाय "वय झालं" म्हणू नये.

उपवासाविषयी

आपले अनेक ज्येष्ठ उपवासकाळात जेवण तोडतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे. परंतु चर्चच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतील १२५२ व्या कलमानुसार उपवासाचे बंधन साठावे वर्ष सुरू होताच संपते. मांस वर्ज्य करण्याच्या नियमाला वरची वयोमर्यादा नाही. पण अंडी, दूध व मासे त्यात येत नाहीत. तेव्हा सत्तरीच्या आजीने नीट जेवून, औषध वेळेवर घेऊन प्रार्थना केली तर तिच्या हातून काहीही चुकत नाही. हे तिला घरच्यांनी प्रेमाने समजावून सांगावे. शंका असल्यास धर्मगुरूंना विचारावे.

आपण काय करू शकतो?

१. दर महिन्याला ज्येष्ठांचे वजन करून वहीत लिहू या. प्रयत्न न करता वजन घटत असेल तर डॉक्टरांना दाखवू या.

२. दिवसातून एक जेवण तरी त्यांच्याबरोबर बसून घेऊ या. सोबत असली की दोन घास जास्त जातात.

३. विसरभोळेपणा, पायांना मुंग्या, तोल जाणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना 'बी-१२'ची तपासणी करावी का, असे विचारू या.

४. त्यांना रोज सकाळच्या उन्हात चालायला नेऊ या. आधार देऊन खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करवून घेऊ या.

५. आजाऱ्यांना कम्युनियन नेऊन देणाऱ्या बंधुभगिनींना विनंती: पाच मिनिटे अधिक बसा, जेवणाची विचारपूस करा.

आणि ज्येष्ठांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. "मला काही नको" असे म्हणून तुम्ही मुलांचा भार हलका करता असे तुम्हाला वाटते. खरे तर तुम्ही चालतेफिरते राहिलात तरच त्यांचा भार हलका होतो. म्हणून पुढे आलेले ताट बाजूला सारू नका.

आपल्या आळीत एकटे राहणारे कोणी आहे का? या आठवड्यात त्यांच्याकडे एक डबा नेऊ या आणि ते जेवेपर्यंत त्यांच्याजवळ बसू या.