‘आई, आपणही घोडं घेऊया ना!’

पुण्या-मुंबईहून आमच्याकडे येणारी मुलं घोडीवर दोन फेऱ्या मारून उतरली की हा हट्ट ठरलेला. मग त्यांचे आईबाबा मला हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, ‘खरंच घ्यावं का हो एखादं लहानसं तट्टू? आमचा गावाकडे प्लॉट आहेच. तेवढीच मुलांना जबाबदारीची सवय लागेल.’ माझं उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. मी म्हणते, घ्या, पण तुमच्यासाठी घ्या. तुम्हाला स्वतःला पहाटे उठून लीद काढायची हौस असेल तरच घ्या. मुलांना वळण लावण्यासाठी जनावर आणू नका.

आमचं दीड एकर शिरवळच्या पलीकडे, नीरेच्या बाजूला. एक घोडी, तिचं शिंगरू, चार शेळ्या, कोंबड्या, दोन गावठी कुत्री आणि किती मांजरं ते मांजरांनाच ठाऊक. थोरला चौदा वर्षांचा, धाकटी आठ. दोघंही जनावरांत वाढली, म्हणून लोकांना वाटतं इथे सगळं आपोआप होतं. तसं काही नाही. आमच्याकडेही ‘आज तू जा ना’, ‘काल मीच केलं होतं’ ही भांडणं रोजची आहेत.

जनावरांच्या घरात सकाळ माणसांच्या चहाने सुरू होत नाही. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान. मोकळं सोडलं तर ते दिवसरात्रीतला बहुतेक वेळ थोडं थोडं चरत राहतं. ठाणावर बांधलेल्या घोड्याला म्हणून एकदम ढीग टाकून भागत नाही, वाळलं गवत दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यावं लागतं. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी द्यायची ती मोजून. पाणी लहान चणीच्या तट्टालाही दिवसाला २० लिटरच्या आसपास लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शाळेची बस साडेसातला येते आणि पाण्याचा हौद त्याआधी भरलेला हवा. आता सांगा, आठ वर्षांच्या मुलीला ताप आला, परीक्षा आली, नुसता कंटाळा आला, तर घोडी तहानलेली ठेवायची? नाही ना? मग ती जबाबदारी मुलीची कधी नव्हतीच. ती आपली होती, मुलगी हातभार लावत होती. हे एकदा आपल्या मनाशी स्पष्ट झालं की घरातली निम्मी कटकट संपते.

आणि हातभार खरा असावा, नुसता फोटोपुरता नको. धाकटी अंडी गोळा करते, कुत्र्यांची पाण्याची भांडी घासते, शेळ्यांना पाला टाकते. घोडीला खरारा करायचा तर ती खांद्यापासून पाठीपर्यंतच करते. मागच्या पायांकडे तिने जायचं नाही, हा नियम. थोरला खुरं साफ करतो. ते बघण्यासारखं असतं. तो घोडीच्या खांद्याशी शेपटीकडे तोंड करून उभा राहतो, तिच्याशी काहीतरी बोलत हात खांद्यावरून पायावर खाली खाली सरकवतो आणि घोट्याच्या वर हलकेच दाबतो. घोडीची मर्जी असेल तर ती पाय उचलून देते. मर्जी नसेल तर सगळा भार त्याच पायावर टाकून दूर कुठेतरी बघत राहते, जणू हा पोरगा तिथे नाहीच. ओढाओढी करून उपयोग नसतो. थांबायचं, तिचा भार दुसऱ्या पायावर जाऊ द्यायचा, पुन्हा विचारायचं. पाय हातात आला की आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे चिखल-खडे काढायचे, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला टोचू द्यायचं नाही, आणि शेवटी वास घ्यायचा. कुजका वास आला तर खूर बिघडायला लागलंय. पावसाळ्यात हा वास फार लवकर येतो. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो तेव्हा तो आधी थोरल्याला विचारतो, ‘काय म्हणतात पाय?’ मोठ्या माणसाने असं बरोबरीने विचारावं, यापेक्षा मोठं बक्षीस त्या वयात नसतं.

आता एक बोचरं बोलते, रागावू नका. ‘अभ्यास केला नाहीस तर त्या कुत्र्याला सोडून येईन’ हे वाक्य मी सुशिक्षित घरांत ऐकलं आहे. मार्क कमी पडले म्हणून पिल्लू परत केल्याचंही ऐकलं आहे. मुलगा त्यातून अभ्यास शिकत नाही. जीव लावलेली गोष्ट कुणीही, कधीही, शिक्षा म्हणून काढून घेऊ शकतं, एवढं तो शिकतो. शिवाय त्या पिल्लाचा गणिताशी काय संबंध? मोबाइल काढून घ्या, खेळ बंद करा, काय हवं ते करा. जनावराला त्या सौद्यात आणू नका. तसंच पहिला नंबर आला म्हणून बक्षिसात जनावर देऊ नका.

मुलांच्या भीतीबद्दलही थोडं, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मूल जनावरांत वावरणार म्हणजे कधीतरी ओरखडा, कधीतरी चावा होणारच. ‘सांगितलं तर आई ओरडेल, वर इंजेक्शन देतील’ या धास्तीने मुलं ते लपवतात. रेबीज या रोगात लपवणं जिवावर बेततं. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस हाती लागत नाही. त्याआधी लस घेतली तर रोग टळतो. म्हणून आमच्या घरात एक गोष्ट पक्की आहे. चावा किंवा ओरखडा दाखवायला आलेल्या मुलाला कुणी बोलायचं नाही. ‘तू त्याची शेपूट कशाला ओढलीस’ ही चौकशी नंतर, जमल्यास दोन दिवसांनी. आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. लशीचे डोस ठरलेल्या दिवशी सगळे पूर्ण करायचे, आणि जखम खोल किंवा रक्ताळलेली असेल तर लशीबरोबर सीरमही लागतं, ते डॉक्टर ठरवतात. घरचं कुत्रं असलं, लाडकं असलं तरी हेच. कुत्र्या-मांजरांना दर वर्षी रेबीजची लस द्या आणि ती देताना मुलांना बरोबर न्या. ‘त्यालाही टोचतात’ हे बघितलेलं मूल स्वतःच्या वेळी जरा कमी रडतं.

घोड्याच्या लिदीत आणि गोठ्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा मुलांची ती लसही वेळच्या वेळी झालेली हवी. रपेटीला हेल्मेट हवंच, मैदान कितीही मऊ असलं तरी. दावं किंवा लगाम हाताला गुंडाळायचा नाही. घोडं बिथरलं तर ते हातासकट ओढून नेतं.

पाहुण्यांनाही विनंती आहे. घोडीला बिस्किटं, लाडू, उरलेल्या पोळ्या चारू नका. घोड्याला उलटी होत नाही. नको ते पोटात गेलं तर बाहेर यायला तो मार्गच नाही, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे रात्रभर त्याच्यामागे जागरण, कधी कधी जिवाशी गाठ. आम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हे आमचं भाग्य. तुमच्या प्लॉटजवळ घोड्याला हात लावणारा डॉक्टर आहे का, हे घोडं बघायला जाण्याआधी विचारा. गाई-म्हशींचे डॉक्टर गावोगाव भेटतात, घोड्यांचे नाही. आणि कुत्र्याला लाडाने चॉकलेट देऊ नका, तेही त्याला विषच.

जन्म-मृत्यूचं काय करायचं, हे आया फार दबक्या आवाजात विचारतात. घोडी अकरा महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते. आमची घोडी व्याली तेव्हा आम्ही मुलांना उठवलं होतं. लांबून, गप्प बसून बघायचं या अटीवर. शिंगरू तासाभरात लटपटत उभं राहिलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा आईच्या पोटाखाली चुकीच्या टोकाला दूध शोधू लागलं. त्यानंतर आलेल्या प्रश्नांना आम्ही जेवढे प्रश्न तेवढीच उत्तरं दिली. आकाशातून, देवबाप्पाकडून वगैरे काही सांगावं लागलं नाही.

बोकड विकतो तेव्हा मात्र अवघड जातं. धाकटीने विचारलं, ‘तो कुठे गेला?’ सांगितलं, खाटकाला विकला. ती रडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि मटणाला अजून हात लावत नाही. हा तिचा निर्णय, आम्ही त्यात पडत नाही. ‘दुसऱ्या शेतावर मजेत आहे’ असं सांगता आलं असतं. पण ते पुढे कधीतरी कळलंच असतं, आणि मग जे खरोखर दुसऱ्या शेतावर मजेत आहेत त्यांच्याबद्दलही तिचा विश्वास बसला नसता. म्हातारं कुत्रं गेलं तेव्हा तर मुलांनीच खड्डा खणायला मदत केली. लगेच दुसरं पिल्लू आणून दुःख बुजवण्याची घाई करू नका, एवढंच सांगेन.

दिवाळीनंतर आमच्या भागातून धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात. पुढे मेंढरं, आणि घोड्यांवर सगळा संसार: भांडी, मेंढरं कोंडायची वाघर, वर बसवलेली कोकरं आणि कधी एखादं लहान मूलही. ही काटक, बुटकी घोडी बहुधा भीमथडी; मराठ्यांच्या फौजेतल्या घोड्यांच्या वंशातली. सहा-सात वर्षांची पोर त्या घोड्याला ओढ्यावर नेऊन पाणी पाजून आणते, बघणारे पाहुणे थक्क होतात आणि म्हणतात, ‘बघा, याला म्हणतात संस्कार!’ मला ते कौतुक पुरतं पटत नाही. तिच्या मागे आई आहे, आजी आहे, घोड्यात मुरलेली सगळी माणसं आहेत, म्हणून तिला ते जमतं. आणि वर्षातले कित्येक महिने तिची शाळा बुडते, तेही विसरू नये.

शेवटचा हिशेब आईबाबांनीच करायचा आहे. तट्टू नीट ठेवलं तर पंचवीस-तीस वर्षं जगतं. आज दहा वर्षांचं मूल आठ वर्षांत वसतिगृहात जाईल, पुढे नोकरीला. घोडी ठाणावरच असेल, म्हातारी, दात झिजलेली, तिला भिजवलेला भरडा लागेल. तेव्हा तो कोण भिजवणार? ‘आम्ही’ असं उत्तर मनापासून येत असेल तर जरूर घ्या, नवऱ्या-बायकोत आधी बोलून घ्या. येत नसेल तर काही बिघडलं नाही. गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याला लस टोचून घ्या, त्याचं खाणंपाणी मुलाबरोबर रोज सांभाळा. नाहीतर ओळखीच्या शेतकऱ्याकडे सुट्टीत गोठा झाडायला पाठवा, त्यातही खूप आहे.

तरी हट्ट कायम असेल तर जुलैच्या मध्यावर या. चिखल असेल, माश्या असतील, ओल्या गवताला बुरशी धरलेली असेल ती निवडून टाकावी लागेल. मुलाला दोन दिवस माझ्याबरोबर राहू द्या, तुम्हीही राहा, आणि मग ठरवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत घोडं सगळ्यांनाच हवं असतं.